तेरवीनंतरचे महिने
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात अमेरिकेतल्या शाळांमधल्या गोळीबारांवर लेख होता. १९९९ मधलं कोलंबाइन, २०१२ मधलं सँडी हूक, २०१८ मधलं पार्कलँड, २०२२ मधलं युवाल्डी. मेलेल्या मुलांची नावं जगाला कळतात. त्याच दिवशी धडधाकट घरी आलेल्या मुलांचं पुढे काय होतं, हा त्याचा विषय. ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या मोजणीनुसार कोलंबाइनपासून आजवर गोळीबाराच्या वेळी शाळेत हजर असलेली मुलं तीन लाखांहून जास्त आहेत. लेखावर आलेली पत्रं मात्र, एक सोडलं तर, उलटलेल्या ऑटोची, वाघाची आणि तलावाची आहेत. त्यात नवल नाही. मन बिथरायला बंदूकच लागते असं कुठे आहे? उत्तरं एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक शालेय समुपदेशक यांनी मिळून लिहिली आहेत. ओळख पटेल असे तपशील पत्रांतून काढले आहेत.

“माझा मुलगा अमेरिकेत नोकरीले आहे. नातू नऊ वर्षांचा. आठ महिन्यांआधी त्याच्या शाळेत गोळीबार झाला. तो बाजूच्या वर्गात होता, त्याले खरचटलंही नाही. पण अजून एकटा बाथरूममध्ये जात नाही, जेवताना दाराकडे तोंड करूनच बसते. दिवाळीले ते सगळे गावी येणार आहेत. इथं फटाके फुटतात, रात्री जागलीवाले रानडुकरांसाठी सुतळी बॉम्ब लावतात. पोराले आणावं का नाही?” (आजी, दर्यापूर तालुका)

आजी, आणा. आजीचं घर हे त्याच्यासाठी औषधच आहे, फक्त तयारी हवी.

तुम्हाला आवाजाची काळजी आहे. आम्ही आधी अंधाराबद्दल सांगतो, कारण तो कोणाच्या लक्षात येत नाही. अमेरिकेतल्या शाळांत अशा वेळी दिवे बंद करतात, दाराला आतून कुलूप घालतात आणि मुलांना कोपऱ्यात चिडीचूप बसवतात. म्हणजे या पोराच्या डोक्यात गोळीच्या आवाजाइतकाच अंधार, शांतता आणि बंद दार पक्कं बसलेलं असणार. रात्री आठला लाईन गेली आणि घर एकदम काळोखात बुडालं, तर फटाक्याविनाही तो थरथर कापू शकेल. त्याला स्वतःच्या हातातली टॉर्च द्या, उशाशी ठेवू द्या. बैठकीत एक चार्जिंगचा दिवा कायम लावून ठेवा. पार्कलँडला गोळीबार चालू असताना आगीची घंटा वाजली होती. तिथल्या कित्येकांना नंतर साधी घंटा सहन होईना. नातवाला नेमकं काय खटकतं, ते मुलाला आणि सुनेला आधीच विचारून कागदावर लिहून घ्या.

बाथरूमचं भय समजण्यासारखं आहे: तिथे दार एकच, पळायला जागा नाही. गावी तर ते अंगणाच्या टोकाला असेल. पहिले दोन-तीन दिवस दार अर्धं उघडं ठेवून कोणीतरी बाहेर उभं राहून बोलत राहायचं. मग दार लोटून, कडी न लावता. मग कडी लावून, तुम्ही ओसरीवर. प्रत्येक पायरी त्याला कंटाळा येईपर्यंत करायची. कंटाळा आला की भीती उतरली असं धरा. पायरी वगळली तर तो पुन्हा पहिल्या पायरीवर येतो, आणि मग घरातले चिडतात.

आता फटाके. लक्ष्मीपूजनाच्या पाच-सहा दिवस आधी तरी ते पोचतील असं बघा. तिकडच्या आणि आपल्या वेळेत दहा-बारा तासांचं अंतर आहे, आणि झोप मोडलेलं मूल जास्त दचकतं. त्याचे उपचार चालू असतील तर तिथल्या समुपदेशकाला विचारून महिनाभर आधी एक सराव सुरू करता येतो. सुतळी बॉम्बचा रेकॉर्ड केलेला आवाज अगदी बारीक करून रोज पाच मिनिटं ऐकायचा, आवाज कमी-जास्त करायचं बटण त्याच्याच हातात. भीती दहापैकी किती, ते त्याने सांगायचं. आकडा निम्म्यावर आला की थोडा आवाज वाढवायचा. गावी आल्यावर पन्नास पावलांवरून आधी फुलझडी, मग अनार. कधी लावायचा हे त्याने सांगायचं, उलटी गिनती त्याने करायची. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सात ते दहा तो आतल्या खोलीत, कानाला हेडफोन लावून, सोबतीला मोठं माणूस असा असला तरी काही बिघडत नाही. चुलतभावांनी गंमत म्हणून पाठीमागे लवंगी फोडू नये, हे त्यांना आणि त्यांच्या बापांना स्पष्ट सांगा. अचानक बसलेला एक धक्का महिन्याभराची कमाई घालवतो.

जागलीवाल्यांना बॉम्ब बंद करा म्हणू नका, त्यांचं पीक आहे. नातवाला दिवसा त्या वावरात न्या. मचाण दाखवा, फटाक्यांचा पुडा दाखवा, डुकरांनी उकरलेलं दाखवा. रात्री आवाज आला की तो कोणाच्या धुऱ्यावरून आला हे त्याला कळलं पाहिजे. धनी माहीत असलेला आवाज निम्मा सोपा होतो. हडंबा (मळणीयंत्र), सायलेन्सर काढलेली बुलेट, जनावरं हाकलायची गॅस गन यांचीही अशीच ओळख करून द्या.

तरी घाबरला तर मागून मिठी मारू नका. समोर या, खाली बसा, नाव घेऊन सांगा: “हा फटाका आहे. पाटलाच्या वावरातला. तू आजीच्या घरी आहेस.” पाय थंड फरशीवर टेकवा. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं दहा वेळा त्याच्यासोबत तुम्हीही करा. शरीर शांत व्हायला दहा-वीस मिनिटं लागतात, तोवर प्रश्न विचारू नका.

पाहुणे विचारतील, “काय झालं होतं रे, सांग न.” हा प्रश्न घराच्या पायरीवरच अडवा. तो आपणहून बोलला तर हातातलं काम ठेवून ऐका. “विसरून जा”, “तू तर वाघ आहेस”, “देवानं वाचवलं” ही तिन्ही वाक्यं टाळा. शेवटचं ऐकून मुलाच्या मनात येतं, मग बाजूच्या वर्गातल्यांना का नाही वाचवलं? “आता असं कधीच होणार नाही” हेही म्हणू नका. तिथे महिन्यातून एकदा दार लावून लपायचा सराव होत असेल, तर तुमचं आश्वासन खोटं आहे हे त्याला माहीत आहे. “घाबरलास तर मी जवळ आहे” एवढं खरं आहे, तेवढंच बोला.

आणि मुलाला विचारा, आघातावरचे खास उपचार चालू आहेत का. आठ महिने झाल्यावर आपोआप बरं होईल म्हणून थांबण्यात अर्थ नाही.

“आमच्या गावच्या शाळकरी ऑटोला वीस दिवसांआधी अपघात झाला. चौथीतली दोन मुलं गेली. नेते येऊन गेले, एक दिवस समुपदेशनाचं शिबिर झालं, आता सगळं शांत आहे. पण त्या ऑटोत कधीच न बसणारी पोरंसुद्धा शाळेत यायला रडतात. वर्ग कसा चालवायचा?” (शिक्षक, आर्वी तालुका)

गुरुजी, वीस दिवसांत दचकणं, रडणं, अंथरूण ओलं करणं, पोट दुखतं म्हणून घरी बसणं याला आजार म्हणत नाहीत. बहुतेक मुलं महिन्याभरात सावरू लागतात. ज्यांचं चौथ्या आठवड्यानंतरही तसंच राहतं किंवा वाढतं, त्यांना ओळखणं हे तुमचं काम, आणि ते तुमच्याइतकं चांगलं कोणालाच जमणार नाही.

शिबिराबद्दल स्पष्टच लिहितो. घटना झाली की सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवून प्रत्येकाकडून काय पाहिलं ते वदवून घेण्याची पद्धत जगभर बरीच वर्षं चालली. नंतर अभ्यास झाले तेव्हा दिसलं, की अशा एका बैठकीने पुढचा आजार टळत नाही. काहींचा त्रास उलट वाढतो. ज्याने पाहिलं नव्हतं, तोही दुसऱ्याच्या तोंडून ऐकून रात्री बघू लागतो. जागतिक आरोग्य संघटना आता सांगते ती मानसिक प्रथमोपचाराची साधी रीत: गरज कोणाला आहे ते बघा, बोलेल त्याचं ऐका, आणि पुढच्या मदतीशी जोडून द्या. झालं ते झालं. दुसरं शिबिर कोणी घेऊन आलं तर नम्रपणे नको म्हणा आणि त्याऐवजी तोच समुपदेशक सहा महिने दर पंधरा दिवसांनी मागा.

ऑटोत नसलेल्या पोरांचं तुम्हाला नवल वाटतं, पण हे मोजलेलं आहे. अमेरिकेत २००८ ते २०१३ मधल्या ४४ शालेय गोळीबारांचा अभ्यास झाला. ज्या शाळांत मृत्यू झाले त्यांच्यापासून आठ किलोमीटरच्या आत, पुढच्या दोन वर्षांत वीस वर्षांखालच्या मुलांना लिहून दिलेली नैराश्याची औषधं २१ टक्क्यांहून अधिक वाढली. तुलना केली होती सोळा ते चोवीस किलोमीटरवरच्या भागाशी. म्हणजे धक्का शाळेच्या भिंतीशी थांबला नाही. त्याच अभ्यासात आणखी एक निघालं: बोलून उपचार करणारे समुपदेशक आणि सामाजिक कार्यकर्ते जिथे जास्त होते, तिथे ही वाढ कमी होती. टेक्सासमधल्या ३३ शाळांच्या अभ्यासात गैरहजेरी आणि त्याच वर्गात पुन्हा बसणं वाढलेलं दिसलं, आणि तीच मुलं पंचविशीच्या आसपास आली तेव्हा त्यांची कमाईही इतरांपेक्षा कमी होती. म्हणून हजेरीपटाकडे आजपासून डॉक्टरच्या नजरेने बघा.

एक दोनशे पानी वही करा. दर शनिवारी पंधरा मिनिटं. प्रत्येक मुलासमोर पाच गोष्टी: हजेरी, पोषण आहार खाल्ला का, वर्गात झोपलं का, सुट्टीत खेळलं का, कोणाशी बोललं. आधी ही मुलं बघा: ऑटोत होती ती, रस्त्यावर पाहिलेली, गेलेल्यांची भावंडं, बाकावर शेजारी बसणारी, त्या दिवशी गैरहजर असलेली, आणि ज्या घरात आधीच एक मृत्यू झाला आहे ती. आपल्या भागात बापाने जीव दिलेली मुलं वर्गात असतात, दुसरा धक्का त्यांना जास्त लागतो. शांत बसणाऱ्याकडे रडणाऱ्यापेक्षा जास्त लक्ष द्या. शहाणं झालं म्हणून त्याचं कौतुक होतं आणि ते सुटून जातं.

ऑटो-ऑटो खेळणं, अपघाताची चित्रं काढणं वाईट नाही. खेळात कोणी वाचतं, कोणी मदतीला धावतं, शेवट बदलतो, तर मन काम करतंय. महिनोन्‌महिने तोच खेळ, तोच शेवट, चेहऱ्यावर आनंद नाही, असं दिसलं तर त्या मुलाला पुढे पाठवा.

लहानांशी बोलताना “देवाघरी गेली” म्हणू नका. सहा-सात वर्षांचं पोर परत येण्याची वाट बघत बसतं. “ती मेली, तिचं शरीर बंद पडलं, ती परत येणार नाही, आणि हे तुमच्यापैकी कोणाच्या चुकीने झालं नाही” असं सरळ सांगा. परिपाठ, पोषण आहार, घंटा, सगळं रोजच्या वेळेवर.

हजेरी घेताना ती दोन नावं उच्चारू नका, पण मुलांसमोर लाल रेघही मारू नका. ते काम शाळा सुटल्यावर. गैरहजेरीचा मेसेज पालकांच्या मोबाईलवर आपोआप जात असेल तर तो आधी बंद करा. गेलेल्या मुलीच्या आईला “आपला पाल्य आज अनुपस्थित” असा मेसेज गेला, की सगळी मेहनत वाया. गणवेशाच्या आणि पुस्तकांच्या वाटपाच्या यादीतूनही ती नावं काढा. रिकामा बाक लगेच उचलू नका. दोन-तीन आठवड्यांनी पोरांनाच विचारा, काय करायचं. शाळेत काही वस्तू ठेवायची असेल तर छोटी ठेवा. मुलांना रोज तिच्यासमोरून जावं लागेल अशी दारात नको.

अपघाताच्या जागेचं काय, हा प्रश्न जगभर पडतो. सँडी हूकची इमारत २०१३ मध्ये पाडली आणि त्याच आवारात नवी शाळा २०१६ मध्ये उघडली. स्कॉटलंडमधल्या डनब्लेनला १९९६ मध्ये गोळीबार झाला तो व्यायामाचा हॉल पाडला. आपल्याला रस्त्याचं वळण पाडता येत नाही. मुलांना आधी दूर उभं राहून ते दाखवा, मग पालकासोबत पायी, मग सायकलवर, मग वाहनात. पुढची पायरी आठवड्याने. फार लांबून वळसा घालण्याची सवय लागली की भीती पक्की होते.

गावच्या ग्रुपवर फिरणारे अपघाताचे फोटो आणि व्हिडिओ ॲडमिनने आजच काढावेत. २०१३ मध्ये बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. तेव्हा रोज सहा-सहा तास बातम्या बघणाऱ्यांचा त्रास प्रत्यक्ष तिथे असलेल्यांपेक्षाही जास्त निघाला होता. भरपाईवरून गावात तट पडतील, त्याचीही तयारी ठेवा. सँडी हूक शाळेच्या न्यूटाउन गावात गोळीबारानंतर आलेल्या देणग्यांच्या वाटपावरूनसुद्धा वाद झाले. पोरांसमोर तो विषय नको.

शेवटचं, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं. तेरवी झाली की गाव मोकळं होतं, आणि घरातल्यांचं खरं दुखणं तेव्हा सुरू होतं. नॉर्वेत २०११ मध्ये उतोया बेटावर तरुणांच्या शिबिरात ६९ जणांचे बळी गेले. नंतर तिथे ठरलं, की वाचलेल्या प्रत्येकाला त्याच्या गावच्या यंत्रणेतला एक ठरावीक माणूस मिळेल आणि तो आपणहून किमान एक वर्ष विचारपूस करत राहील. मदत मागायला येण्याची वाट बघायची नाही. हे आपल्याकडे एका रुपयाशिवाय होतं. बाधित घरं मोजा, प्रत्येक घरामागे एक माणूस ठरवा: एक शिक्षक, आशाताई, अंगणवाडी सेविका, शाळा व्यवस्थापन समितीतलं कोणी. महिन्यातून एकदा घरी जायचं, चहा घ्यायचा, झोप-जेवण-शाळा विचारायचं. तारखा आधीच लिहून ठेवा: पहिली राखी, पहिला पोळा, गेलेल्या मुलांचे वाढदिवस, निकालाचा दिवस, ही तुकडी पाचवीला दुसऱ्या शाळेत जाईल तो दिवस, आणि वर्षश्राद्ध. त्या तारखेच्या आधीचे आठ-दहा दिवसच जास्त जड जातात. पाचवीच्या वर्गशिक्षकांच्या हातात ती वही द्यायला विसरू नका.

“दीड वर्षाआधी माझे पती मोहफूल वेचायला गेले असता वाघाने मारले. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा, सोबत होता. तेव्हा तो रडलासुद्धा नाही, सगळे म्हणाले पोरगा लय धीराचा आहे. आता संध्याकाळ झाली की बाहेर निघत नाही, अन् मोठा होऊन काय करशील विचारलं तर म्हणते, मी कुठं मोठा होणार आहो.” (आई, सिंदेवाही तालुका)

ताई, उशिरा दिसणं अगदी नेहमीचं आहे. १९७६ मध्ये अमेरिकेत चाउचिला या गावी शाळेच्या बसमधून २६ मुलांना पळवून एका खाणीत जमिनीखाली कोंडलं होतं. सगळी जिवंत सुटली. चार वर्षांनी मानसोपचारतज्ज्ञांनी त्यांना पुन्हा तपासलं तेव्हा एकही मूल पूर्ण मोकळं झालेलं नव्हतं, आणि आपण फार जगणार नाही असं मानणारी कित्येक होती. तुमच्या मुलाचं वाक्य त्यातलंच आहे. हट्ट किंवा वाईट वाणी म्हणून त्याला रागावू नका. एकदा तरी शांतपणे विचारा, “मरावं असं वाटतं का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, आधीच असेल तर बाहेर येतो. “हो” म्हणाला तर त्याच दिवशी दवाखाना.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे. वाघ अजून जंगलात आहे. त्यामुळे “भिऊ नको, काही नाही होत” हे आम्ही सांगणार नाही. एकदा बिबट्या शिरलेल्या गोठ्यातलं जनावर पाचोळा वाजला तरी उभं राहतं. खरा धोका आणि पाचोळा वेगळे करायला मुलाला शिकवावं लागतं. त्याच्यासोबत बसून दोन याद्या करा. खरी काळजी: पहाटे आणि संध्याकाळी एकट्याने जंगलाच्या कडेला न जाणं, झाडीत वाकून न बसणं, घोळक्याने आणि बोलत जाणं, वनविभागाने मनाई केलेल्या भागात न जाणं. दुसऱ्या यादीत: घराच्या आत, शाळेच्या वर्गात, भर दुपारी दुकानात वाटणारी भीती. पहिली यादी पाळायची, दुसरीतली एकेक गोष्ट सर्वांत सोपीपासून रोज थोडी करायची.

तो “धीराचा” ठरला, तिथेच बहुधा त्याचं रडणं अडलं. तुम्ही त्याच्यासमोर नवऱ्याची आठवण काढा, रडू आलं तर रडा. आईला रडताना पाहिलं की मुलाला परवानगी मिळते. या वयाच्या मुलांना बोलून करायचे उपचार चांगले लागू पडतात, दीड वर्षानंतरही. लहानांसाठी गोळ्या हा पहिला उपाय नाही. मोहाचा हंगाम मार्च-एप्रिलमध्ये येतो. उपचार त्याआधी सुरू झाले तर बरं.

“सहलीच्या गाडीला अपघात झाला तेव्हा मी तापामुळे गेले नव्हते. त्यात दोन मैत्रिणी वारल्या. त्यातल्या एकीच्या आईने मला पाहून तोंड फिरवलं. मी जगून राहिले हेच चुकलं असं वाटते.” (बारावीची विद्यार्थिनी, पुसद तालुका)

तुझं पत्र आम्ही सगळ्यात आधी वाचलं. हे वाटणं एकट्याने वाहू नकोस. आजच आईला, ताईला किंवा विश्वासाच्या मॅडमना हे पत्र जसंच्या तसं दाखव, आणि सरकारच्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६ ला, फोन कर. चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

वाचलेल्यांना असा अपराधी भाव येतो, हे जगभर दिसतं. पार्कलँडच्या गोळीबारातून वाचलेल्या दोन तरुणांनी वर्षभरानंतर, २०१९ च्या मार्चमध्ये, आठवड्याभरात जीव दिला. म्हणून पहिल्या वर्षानंतरचा काळही जपायचा असतो. तुझा ताप हा ताप होता. त्या गाडीत तू असतीस तर गाडी थांबली नसती. मैत्रिणीच्या आईने तोंड फिरवलं ते तुझ्यात तिला तिची मुलगी दिसली म्हणून असू शकेल. तुला जड जात असेल तर तिला भेटण्याचा आग्रह स्वतःला करू नकोस; वर्षश्राद्धाला दोन ओळींची चिठ्ठी पाठवलीस तरी पुरे.

घरच्यांसाठी: फवारणीचं औषध घरात उघड्यावर असेल तर आजच कुलपात जाऊ द्या, किल्ली एकाच मोठ्या माणसाकडे. शक्य असेल तर काही महिने डबा शेजाऱ्याच्या कोठ्यात ठेवा, लागेल तेवढंच विकत आणा. टोकाचा विचार अनेकदा थोड्या वेळाचा असतो. त्या वेळात हाताशी काही नसलं तर जीव वाचतो. मुलीला सध्या रात्री एकटं झोपवू नका.

“मी मासेमारी करतो. तलावात बुडालेली चार पोरं मीच काढली, दोन जिवंत, दोन मेलेली. वर्ष झालं, जाळं टाकलं की हाताला पोर लागल्यासारखं वाटते. दारू घेतल्याशिवाय झोप येत नाही. मेडिकलवाल्याने झोपेची गोळी दिली होती, तीही घेऊन पाहिली.” (भंडारा जिल्हा)

भाऊ, मदतीला धावलेल्या माणसाला हा त्रास होतो, आणि त्याला कोणी विचारत नाही. गाव तुम्हाला शूर म्हणतं, म्हणून तुम्ही बोलत नसाल.

दारूने झोप लागते खरी, पण पहाटे तीन-चारला उतरली की स्वप्नं जोरात येतात. रोजची सवय असेल तर एकदम बंद करू नका. हातपाय थरथरणं, झटके येऊ शकतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करा. मेडिकलमधून घेतलेली झोपेची गोळी दारूसोबत तर अजिबात नको, श्वास मंदावतो. एकटी घेतली तरी महिन्याभरात सवय लागते आणि मूळ दुखणं तिथेच राहतं. अशा आघातावर मोठ्यांना डॉक्टर वेगळ्या गटाची औषधं देतात. त्यांचा गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही काही महिने, बहुधा वर्षभर, चालू ठेवावी लागतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडली, हे आम्ही सगळ्यात जास्त बघतो.

स्वप्नासाठी एक गोष्ट घरी करता येते. दिवसा, उजेडात, तेच स्वप्न मनात आणा आणि त्याचा शेवट बदला: जाळ्यात पोराऐवजी रोहू लागला, किंवा पोर काठावर आलं आणि खोकललं. नवा शेवट रोज दहा मिनिटं मनात घोळवा, दोन-तीन आठवडे. काम सोडू नका, पण आधी महिनाभर दुसऱ्या कोणासोबत नावेत बसा, जाळं त्याला ओढू द्या.

“पोराला बाहेरची बाधा आहे म्हणतात. देवऋषीकडे न्यावं का?” (राळेगाव तालुका)

उतारा टाकून घरच्यांच्या जीवाला बरं वाटत असेल तर आम्ही भांडणार नाही. पण मारणं, चटके, धुरी, उपाशी ठेवणं, साखळी, हे काहीही होऊ देऊ नका. हा गुन्हाही आहे. आणि चालू गोळी कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका.

“अमेरिकेसारखा हल्ल्याचा सराव आमच्या आश्रमशाळेत घ्यावा का?” (गडचिरोली जिल्हा)

खोटा हल्लेखोर, खोट्या गोळ्या, न सांगता घेतलेला सराव, यातलं काहीच नको. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेच २०२० मध्ये अशा सरावांविरुद्ध सावध केलं आहे. तुमच्याकडे आग, वीज, साप आणि पूर यांचा सराव हवा. आधी सांगून, शांतपणे, चालत, दहा मिनिटांत.

“जायचं कुठं?” (अनेकजण)

जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यातही येतं. तो वार आशाताईंकडून किंवा फोनवर आधी विचारून घ्या, नाहीतर फेरी फुकट जाते. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, यवतमाळ आणि अकोल्याची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, वर्ध्याजवळच्या सावंगी मेघेचं रुग्णालय इथे मानसोपचार विभाग आहेत. मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८ हा नंबरही ध्यानात ठेवा.

जाताना त्या मुलासोबत एकाच खोलीत झोपणारं माणूस न्या, कारण रात्रीचं त्यालाच माहीत असतं. एका कागदावर लिहा: घटना कधी झाली, पहिलं लक्षण कधी दिसलं, आठवड्यात किती रात्री झोप मोडते, किती दिवस शाळा बुडाली, आधीच्या गोळ्यांची नावं. पोहोचल्यावर स्पष्ट विचारा: “आघातावरचे बोलून करायचे उपचार इथे कोण करतं?” त्याच्या साधारण आठ ते सोळा बैठका असतात, प्रत्येकी तास-दीड तास, एरवी आठवड्याला एक. साठ किलोमीटरवरून दर आठवड्याला येणं कापूस वेचणीच्या दिवसांत जमत नाही, हे पहिल्याच भेटीत सांगा. पंधरा दिवसांनी एक भेट आणि मधल्या आठवड्यात फोन, अशी सोय बऱ्याच ठिकाणी करून देतात. तिसऱ्या-चौथ्या बैठकीनंतर त्रास थोडा वाढल्यासारखा वाटतो, कारण झाकलेलं वर येतं. बरेच जण नेमकं तिथेच येणं बंद करतात.